तुटीचा आकडा स्वतः पडताळताना

केंद्रीय अर्थसंकल्पाच्या दिवशी 'राजकोषीय तूट जीडीपीच्या अमुक टक्के' ही एक ओळ सगळीकडे फिरते. ती पडताळायला अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावरची 'बजेट ॲट अ ग्लान्स' ही पुस्तिका आणि साधं कॅल्क्युलेटर पुरतं.

एकूण खर्चातून महसुली जमा, म्हणजे कर वगैरेंतून आलेला पैसा, वजा करा. मग कर्जवसुली, निर्गुंतवणूक (सरकारी कंपन्यांतला हिस्सा विकून आलेला पैसा) अशा, उसन्या नसलेल्या भांडवली जमा वजा करा. २०२५-२६ च्या अंदाजात ५०,६५,३४५ वजा ३४,२०,४०९ वजा ७६,०००, म्हणजे १५,६८,९३६ कोटी. नवखे इथेच फसतात: सरकारने काढलेलं कर्जही जमेतच छापलेलं असतं. तेही वजा केलं, तर तूट दरवर्षी शून्यच येईल!

आता ३,५६,९७,९२३ कोटींच्या जीडीपीने भागा. ४.४ टक्के येतात. पण छेदातला जीडीपी हाही अंदाजच. चालू किमतींनी तो १०.१ टक्के वाढेल असं धरलं होतं. वाढ कमी पडली, तर तूट रुपयाने न वाढताही टक्का चढतो.

२०२०-२१ मध्ये ३.५ टक्क्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात तूट ९.२ वर गेली. कोविडमुळे जमा आटली, खर्च वाढला, छेदही आक्रसला. आणखी एक कारण सहसा सुटतं. सरकारसाठी धान्य खरेदी करणाऱ्या भारतीय अन्न महामंडळाला अनुदानाऐवजी अल्पबचत निधीतून कर्ज देण्याची जुनी पद्धत त्या वर्षी मोडली, आणि अन्न अनुदान १.१६ लाख कोटींवरून सुधारित अंदाजात ४.२२ लाख कोटींवर गेलं. त्यातला बराच भाग आधीच्या वर्षांची, तेव्हा तुटीत न दिसलेली थकबाकी होती. म्हणजे आधीची तूट दिसली त्याहून मोठी होती. म्हणून अर्थसंकल्पाच्या 'एक्स्पेंडिचर प्रोफाइल' या खर्चाच्या तपशिलातलं विवरणपत्र २७ उघडाच. अर्थसंकल्पाबाहेरची कर्जं तिथे सापडतात.

नियमाशी ताडताना सरकारच्या तुटीला आणि कर्जाला मर्यादा घालणारा एफआरबीएम कायदा घ्या. २०१८ च्या दुरुस्तीप्रमाणे ३१ मार्च २०२१ पर्यंत तूट ३ टक्क्यांवर यायची होती. संकटात सवलत आहे, पण फक्त अर्ध्या टक्क्याची, ९.२ त्यात बसणारच नव्हती. पुढच्या तीन वर्षांत ६.७, ६.४, ५.६ टक्के अशी उतरण झाली. '२०२५-२६ पर्यंत साडेचारच्या खाली' हे उद्दिष्ट २०२१ च्या अर्थसंकल्पी भाषणात जाहीर झालं होतं. आता भर कर्जावर आहे: मार्च २०३१ पर्यंत केंद्राचं कर्ज जीडीपीच्या ५० टक्क्यांच्या आसपास, एक टक्का इकडेतिकडे.

ते जमेल का, हे प्राथमिक तुटीवरून कळतं. २०२५-२६ च्या अंदाजातल्या तुटीतून १२,७६,३३८ कोटींचं व्याज काढा. २,९२,५९८ कोटी, म्हणजे जेमतेम ०.८ टक्का उरतो. त्या अंदाजात महसुली जमेतल्या प्रत्येक रुपयातले ३७ पैसे व्याजात जातात, आमच्या मते खरी काळजी याची करावी.

महाराष्ट्राचा अर्थसंकल्प तपासताना छेद राज्याच्या सकल उत्पन्नाचा घ्या. केंद्राची ५० वर्षांची बिनव्याजी कर्जं राज्याच्या कर्जमर्यादेत धरत नाहीत. एकूण कर्जात मात्र ती मोजावीच लागतात.