नोकरी सांभाळून स्वतःचे पुस्तक स्वतः काढताना

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारा लेखक बहुधा आधी छापखान्याचे दरपत्रक मागवतो आणि हस्तलिखिताकडे नंतर वळतो. हा क्रम उलटा असायला हवा. मुद्रितशोधनाच्या निमित्ताने माझ्याकडे परिचारिका, एसटीचे वाहक, तलाठी, कृषी सेवा केंद्र चालवणारे अशांची हस्तलिखिते येतात आणि त्यांतल्या बऱ्याच पानांवर लेखकाचा पेशा शोधूनही सापडत नाही. वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद), मुक्कामी गाडी आणि सुट्ट्या पैशांची हुज्जत यांत पंचवीस वर्षे काढलेला माणूस लिहायला बसला की मावळतीच्या केशरी किरणांचे वर्णन करू लागतो, कारण साहित्य म्हणजे आपल्या कामाहून काहीतरी वेगळे, अशी त्याची समजूत झालेली असते. म्हणून पहिला महिना केवळ एका वहीसाठी द्यावा. कामाच्या ठिकाणचे शब्द, कामाचा क्रम, चुका कशा होतात आणि त्या कशा झाकल्या जातात, एवढेच तिच्यात टिपावे. मग हस्तलिखित पुन्हा वाचावे. कोणती प्रकरणे आपली आहेत आणि कोणती इतरांच्या पुस्तकांतून आली आहेत, ते वेगळे सांगावे लागत नाही.

पेशातून लिहिण्याबरोबर एक जबाबदारीही येते. रुग्ण, पक्षकार, विद्यार्थी किंवा सहकारी यांचे केवळ नाव बदलणे पुरेसे नसते. गाव, वय, आजार आणि नातेसंबंध यांच्या जुळणीतून माणूस लगेच ओळखू येतो. त्यामुळे यांतले किमान दोन तपशील बदलावेत किंवा दोन व्यक्तींचे एकच पात्र करावे. सरकारी सेवेत असणाऱ्यांनी आपल्याला लागू असलेले वर्तणूक नियम आधी वाचावेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी ते १९७९ चे आहेत. शुद्ध साहित्यिक लेखन आणि शासकीय कामकाजावरचे लेखन यांत नियम फरक करतात, तरीही शंका असल्यास कार्यालयाला लेखी विचारून उत्तर जपून ठेवणे श्रेयस्कर.

एकट्याने सर्व कामे करावीत असे मात्र नाही. १९७६ मध्ये मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या इंग्रजीत लिहिणाऱ्या कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ या नावाने आपली पुस्तके आपणच काढायला सुरुवात केली, तेव्हा जाहिरात क्षेत्रात काम करणाऱ्या कोलटकरांनी मुखपृष्ठांची बाजू सांभाळली. आपल्या ओळखीत कोण हिशेब चोख ठेवतो, कोणाची चित्रकला चांगली आहे, कोणाचे शुद्धलेखन पक्के आहे, हे पाहून तीन-चार लेखकांनी एकमेकांची पुस्तके काढली तर खर्च वाचतो. दुसऱ्याच्या हस्तलिखितावर स्पष्ट बोलण्याची सवयही लागते, आणि ती पैशांपेक्षा दुर्मीळ आहे.

आता छपाईकडे वळू. डेमी या प्रचलित आकाराच्या पुस्तकात साधारणपणे १६ पृष्ठांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पृष्ठांचा संच, धरतात. मजकूर ११५ पृष्ठांचा झाला तर आठ फॉर्म, म्हणजे १२८ पृष्ठांचा खर्च येतो आणि शेवटची तेरा पृष्ठे कोरी राहतात. काही छापखाने अर्धा फॉर्म घेतात. घेत नसल्यास मांडणीत थोडी काटछाट करून ११२ वर यावे. ऑफसेट छपाईत प्लेट आणि यंत्राच्या तयारीचा खर्च प्रती कमी असोत वा जास्त, तेवढाच राहतो; त्यामुळे प्रती वाढवल्या की प्रत्येक प्रत स्वस्त पडते आणि या हिशेबाला भुलून लेखक हजार प्रती छापून बसतो. पलंगाखालच्या गठ्ठ्यांचा हिशेब दरपत्रकात नसतो. पहिल्या खेपेस डिजिटल छपाईने शंभर-दोनशे प्रती काढाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचवलेला पैसा मुद्रितशोधनावर खर्च करावा. आपण मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित केला आणि अक्षरजुळणी करणाऱ्याने तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये रूपांतरित केला, तर ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘ॲसिड’ अशा शब्दांची मोडतोड होण्याची शक्यता असते. म्हणून रूपांतरानंतरचे प्रूफ संपूर्ण वाचणे अपरिहार्य ठरते. दुरुस्त झालेला अंतिम मजकूर युनिकोडमध्येही परत मागून घ्यावा, अन्यथा ई-पुस्तकाच्या वेळी सगळे काम नव्याने करावे लागते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि लेखक स्वतःच प्रकाशक असला तरी अर्ज करू शकतो. छापील आणि ई-आवृत्तीसाठी वेगवेगळे क्रमांक लागतात. स्वामित्वहक्क लेखनाबरोबरच निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पुस्तक पहिलेच असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती छपाईपूर्वीच घ्यावी.

किंमत ठरवताना वितरकाची सवलत आधी वजा करावी. प्रतीचा खर्च ९० रुपये, किंमत २०० रुपये आणि सवलत चाळीस टक्के असेल तर हाती १२० रुपये येतात. उरलेल्या तिसांतून टपालखर्च आणि भेट दिलेल्या प्रती भागवायच्या असतात. त्यामुळे थेट विक्री टाळून चालत नाही. अमरावती जिल्ह्यातून दिल्लीला गेलेले लक्ष्मण राव यांनी तिथल्या विष्णू दिगंबर मार्गाच्या पदपथावर चहा विकत हिंदीत कादंबऱ्या लिहिल्या, त्या स्वतः प्रकाशित केल्या आणि सायकलवरून शाळा व ग्रंथालयांपर्यंत पोहोचवल्या. प्रत्येकाने सायकल काढावी असे नाही. परंतु परिचारिकेच्या पुस्तकाचे पहिले वाचक परिचर्या महाविद्यालयांत आणि वाहकाच्या पुस्तकाचे आगारांत असतात, तेव्हा पुस्तकांच्या दुकानाआधी तिथे जावे.

मलपृष्ठावरच्या परिचयात पुरस्कारांच्या यादीपेक्षा कामाची एक ओळ अधिक उपयोगी पडते. कोणत्या आगारात, किती वर्षे, कोणत्या मार्गावर, एवढे सांगितले की वाचक पान उलटतो.

एक कायदेशीर काम बहुतेक जण विसरतात. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसेच मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते, आणि इथे प्रकाशक म्हणजे आपणच. या चार प्रती छापखान्यातून गठ्ठा घरी आला त्याच दिवशी बाजूला काढाव्यात, आणि पाठवल्यावर टपालाच्या पावत्या हिशेबाच्या वहीला टाचून ठेवाव्यात.