शाळेच्या क्रीडास्पर्धेतील शपथ खेळात कशी उतरवावी

पुण्यातील अनेक शाळांच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत एक विद्यार्थी शपथ वाचतो, बाकीचे हात पुढे करून ती पुटपुटतात आणि पहिली शिट्टी होताच ती विसरली जाते. ती मुलांच्या मनात राहावी, अशी इच्छा असलेल्या शिक्षकांसाठी हे लिहीत आहे.

तयारी आठवडाभर आधी सुरू करावी आणि आरंभ गोष्टीने करावा. ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंची शपथ प्रथम घेतली ती १९२० साली अँटवर्प येथे, बेल्जियमचे तलवारबाज व्हिक्टर ब्वाँ यांनी. त्याच स्पर्धेत भारताचे धावपटू उतरले, कारण १९१९ साली डेक्कन जिमखान्यावरील शर्यती पाहून दोराबजी टाटा यांनी त्यांना पाठवण्यासाठी पुढाकार घेतला होता. फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. रोज ज्या जिमखान्यावरून शाळेची बस जाते, तेथूनच ही वाट निघाली हे कळले, की मुले कान देऊन ऐकतात.

त्यानंतर शपथेचा मजकूर मुलांकडूनच लिहून घ्यावा. ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द मला प्रिय आहे, परंतु दहा वर्षांच्या मुलाला त्यातून नेमके काय करायचे ते समजत नाही. ‘मी बाद झालो, तर स्वतः हात वर करीन’ हे मात्र लगेच समजते. कबड्डीत चढाई करणाऱ्याची बोटे बचावपटूच्या दंडाला निसटती लागून गेली, तर पंचांना ते दिसतेच असे नाही. ते त्या दोघांनाच ठाऊक असते. सरावात हाच प्रसंग मुद्दाम घडवून आणावा, हात वर करून मुकाट्याने बाहेर जाणाऱ्या मुलासाठी दोन्ही संघांना टाळ्या वाजवायला सांगाव्यात, आणि हे सवयीचे होईपर्यंत रोज करावे. प्रामाणिकपणासाठी वेगळे प्रमाणपत्र मात्र देऊ नये. मुले मग प्रमाणपत्रासाठी हात वर करू लागतात.

शपथ मोठ्यांनीही घ्यावी. ऑलिम्पिकमध्ये पंचांची शपथ १९७२ पासून आणि प्रशिक्षकांची २०१२ पासून आहे. फक्कीच्या रेषेबाहेरून पंचांवर ओरडणाऱ्या पालकांनाही तिच्यात सामील करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बरोबरीचा नियम आदल्या दिवशीच ठरवून फळ्यावर लिहावा. टोकियोत कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जियानमार्को टांबेरी यांनी उंच उडीत २.३७ मीटरवर सुवर्णपदक वाटून घेतले, कारण नियमातच तशी मुभा होती. तशी मुभा आपल्या स्पर्धेत ठेवायची असेल, तर पहिल्या क्रमांकाची दोन पदके आधीच मागवून ठेवावीत.