कलमं करारान देण्याआधी

नवरा गेला तेव्हा बागेत आंब्याची 62 कलमं होती, सोसायटीचं कर्ज होतं आणि फवारणीचं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. आमच्या देवगडात करारवाला, म्हणजे पैसे देऊन काही सालं बाग घेणारा, शोधावा लागत नाही, तो तेराव्यालाच दारात उभा असतो. "वयनी, तुमी कित्याक त्रास करून घेतास? पैशे घेवा नि निवांत ऱ्हवा." तीन वर्षांच्या करारावर सही करून मी निवांत राहिले.

चूक तिथेच झाली. कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून कलमाच्या मुळाशी मातीत घालायचं औषध, सगळेच घालतात, आता मीही घालते. कलमाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिली, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान. म्हणजे 8 मीटरच्या कलमाला 24 मिली, खोकल्याच्या औषधाची अडीच झाकणं, बस्स. पण ज्याला तीनच हंगाम ओरबाडायचेत तो कशाला मोजेल? डालड्याच्या डबड्याने ओतत होते, असं गड्याने मला नंतर सांगितलं. मी जुलैच्या पावसात बागेत फिरकलेच नव्हते.

पहिल्या साली मोहोर असा, की शेजारीण म्हणाली, दृष्ट काढ. करार संपल्यावर कलमाखाली जाऊन बघते तर पालवी बोटभर, पानांचा नुसता गेंद. फांदी पुढे सरकतच नव्हती. हे औषध मातीत राहतं, लवकर जात नाही. दोन वर्षं थेंबही न घालता शेणखत ओढलं. आंबा जवळजवळ नाही, हप्ता मात्र चालू.

बाग द्यायचीच वेळ आली तर एकेका सालाने द्या. कल्टारचं माप करारात लिहून घ्या आणि त्या दिवशी छत्री घेऊन तिथे उभ्या राहा. लाजू नका, बाग तुमची आहे.

सातबाऱ्यावर वारस नोंद आधी करा, मुंबईचे दीर "बघू" म्हणाले तरी. वाशीच्या दलालाची उचल घेतलीत तर पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, तो लिहील ती. आणि मोबाईलवरच्या आंबा-गुरूंपेक्षा आपला म्हातारा गडी बरा, असं माझं मत आहे. देठाजवळ खळगा पडून खांदे वर आले की आंबा चौदा आणे, म्हणजे काढायला तयार, हे त्यानेच मला झाडावर चढून दाखवलं.

बाकी फवारणी जमते हो. मोहोरावरची कीड, तुडतुडा, ओळखायला मला एक हंगाम लागला, तुम्हाला कमी लागेल.

यंदा 40 कलमं मोहोरली. उरलेल्यांची पालवी परवा मोजली, वीतभर भरली.