दोनशिक्षकी शाळेत कामाचा हिशेब कसा लावावा

आधी सहा दिवस वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा: शिकवणं, वह्या तपासणं, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, बैठका. शनिवारी आठवून लिहू नका. आठवणीत ऑनलाइन काम नेहमी कमी भरतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन आहे, म्हणजे रोज 4 तास. शिक्षकाचा आठवडा तयारी धरून 45 तासांचा, म्हणजे रोज साडेसात. मधल्या साडेतीन तासांत पाठाची तयारी आधी बसवा. उरलं त्यात बाकीचं.

‘दोघं मिळून सगळं करू’ ही सर्वांत वाईट वाटणी, कारण मग दोन्ही वर्ग एकदमच वाऱ्यावर सुटतात. पोषण आहार एकाकडे, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) दुसऱ्याकडे. सत्र बदललं की अदलाबदल.

तांदूळ हजेरी झाल्यावरच तोला. पाचवीपर्यंत माणशी 100 ग्रॅम, सहावी ते आठवी 150. पाचवीपर्यंतची 42 मुलं हजर असतील तर 4 किलो 200 ग्रॅम, आणि नोंद त्याच दिवशी. कापूस वेचणी सुरू झाली, घरं ऊसतोडीला गुजरातेत गेली की पट आणि हजेरी यांत मोठी फट पडते. तेव्हा पटावर तोललं तर महिनाअखेरीस साठा जुळत नाही, आणि तो जुळवण्यात आख्खा दिवस जातो.

रेंज नसलेल्या पाड्यावर रोज टेकडी चढू नका. माहिती कागदावर पक्की करा, बाजाराच्या दिवशी जवळच्या मोठ्या गावी, नंदुरबारकडे असाल तर धडगाव किंवा मोलगीला, एकदाच भरा.

जादा काम आलं तर तोंडी कुरकुर नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं देता येतात. मतदार यादीचं काम सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितलंय. आदेशाची तारीख, बुडालेल्या तासिका आणि कलम लिहून पत्र केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा; तिथे 75 टक्के पालक असतात, त्यांच्या सह्यांना वजन असतं.

नवीन शिक्षक आले तर पहिले दोन महिने त्यांच्याकडे एकही पोर्टल देऊ नका. राहायला खोली बघून द्या, आणि अंगणवाडीताईंकडून मुलांच्या घरच्या बोलीतले, म्हणजे पावरी किंवा भिलीतले, रोजचे पन्नास शब्द लिहून घ्या: पाणी, भूक, पोट दुखतंय, घरी जायचंय.