मोटरवालं इंजिन आणि डमी: जोडी रिव्हर्समध्ये कशी चालवावी

जयविलास पॅलेसमधल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी ग्वाल्हेरात आलेल्या पाहुण्याला दाखवावीच लागते. ती टेबलावर फिरते, सुरई उचलली की थांबते. रिव्हर्सचा प्रश्नच नाही. आपल्या गच्चीवरच्या खोलीतल्या मॉडेल रेल्वेत मात्र यार्ड असतं, सायडिंग (डबे उभे करायचा बाजूचा रूळ) असतं आणि डबे आत ढकलायचे असतात. एक मोटरवालं इंजिन आणि एक बिनमोटरची डमी, ही जोडी पुढे कुणाचीही पळते. रिव्हर्स घेतला की पहिल्याच सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) डमी रुळाखाली. मग सल्ले सुरू होतात: रूळ पुसा, हळू चालवा. हळू चालवली तर ती हळू घसरते, एवढाच फरक.

पुढचं सगळं एचओ स्केलचं आहे, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ आणि १६.५ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर).

जुन्या इंजिनातली मोटर काढून डमी केली असेल तर आतला वर्मही (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) काढा. वर्म गिअरला फिरवतो, गिअर वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून मोटर नसली तरी चाकं जाम राहतात आणि रुळावर नुसती घासत जातात. डमी काचेवर ठेवून काच थोडी कलती करा. आपली आपण घरंगळली पाहिजे.

चाकांच्या जोडीतलं आतलं अंतर १४.४ मिमीच्या आसपास आहे का, ते मापपट्टी लावून बघा.

आता क्रम. मोटरवालं पुढे, मग डमी, मग डबे, असं बहुतेक जण लावतात. पुढे जाताना ठीक आहे. रिव्हर्समध्ये एकीकडून इंजिन रेटतं, दुसरीकडे डबे अडून बसतात, आणि डमीची अवस्था मेळ्यात दोन गर्दींच्या मधे सापडलेल्या पोरासारखी होते. म्हणून डमी टोकाला आणि मोटरवालं इंजिन डब्यांना लागून. रिव्हर्समध्ये मग डमी नुसती ओढली जाते. पुढे जाताना तिला ढकलावं लागतं खरं, पण तेव्हा तिच्या अंगावर फक्त तिचाच भार असतो, सबंध गाडीचा नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर लेख लिहायची गरज नव्हती. दोन टोकांचा लेआउट असेल तर जोडी सोडवून, बाजूच्या रुळावरून नेऊन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावली की क्रम उलटतो आणि डमी पुन्हा डब्यांना लागते. तेव्हा तिला दाब सोसता आलाच पाहिजे.

खरी मेख हुकात आहे, आणि मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. पुष्कळ स्वस्त डमींचा हुक चेसिसवर नसतो, बोगीवर (खालच्या चाकांच्या फिरत्या सांगाड्यावर) असतो. ओढताना चालून जातं, कारण ओढ बोगीला सरळ करते. ढकलताना मात्र जोर बोगीच्या टोकावर येतो आणि बोगी तिच्या मधल्या खिळीभोवती तिरकी होते. डोळे रुळाच्या उंचीला आणून बघा: वळणावर बाहेरच्या चाकाची फ्लँज (आतली उंच कड) रुळाच्या डोक्यावर चढते, बोटभर तशीच वर चालते आणि पुढे फ्रॉगपाशी (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे) खाली येते. लोक फ्रॉग घासत बसतात. बिघाड चाक जिथे चढलं तिथे शोधायचा, पडलं तिथे नाही.

उपाय: हुक बोगीवरून कापा आणि चेसिसला स्क्रूने बसवा. हात थरथरला तरी कापा. बोगीला स्प्रिंग लावून बघा, रबर लावून बघा, असं सांगणाऱ्याने उभ्या जन्मात दहा डबे मागे ढकललेले नसतात. दोन इंजिनांच्या मधे तर हुक ठेवूच नका. पितळी पट्टीचा ड्रॉबार करा, दोन्ही टोकांना भोक पाडून दोन्ही चेसिसना अडकवा, स्क्रू इतकाच आवळा की पट्टी मोकळी फिरेल. लांबी एवढी, की तुमच्या सगळ्यात आवळ वळणावर दोन्ही बॉडी एकमेकींना टेकणार नाहीत. सावध राहा: काही जुन्या इंजिनांत करंट चेसिसमधूनच जातो. अशी दोन इंजिनं पाठीला पाठ लावून पितळेने जोडली की सरळ शॉर्ट. तिथे प्लास्टिकची पट्टी.

सहा ॲक्सलच्या इंजिनाला १८ इंची त्रिज्या जाच करते, २२ इंची ठेवा. डावं आणि उजवं वळण लागून असेल तर मधे निदान एका इंजिनाएवढा सरळ रूळ हवाच.

वजनाचा हिशेब: डब्यांसाठी अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस १ औंस, अधिक दर इंच लांबीमागे अर्धा औंस, अशी आहे. तीच डमीला लावा. ८ इंची डमीला ५ औंस, म्हणजे साधारण १४० ग्रॅम. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुठल्याही व्हील बॅलन्सिंगवाल्याकडे ५ आणि १० ग्रॅमच्या पट्ट्या मिळतात. दोन्ही बोगींवर सारख्या वाटून, जितक्या खाली बसतील तितक्या खाली बसवा. मागच्या चिकट टेपवर विसंबू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात ती सोडते; अराल्डाइट लावा. मेचं निघालंच आहे तर रुळांचंही सांगतो: जानेवारीच्या थंडीत फट न ठेवता जोडलेला ३ मीटर रूळ मेमध्ये जवळपास २ मिमी वाढतो आणि सांधणीपाशी वाकतो. ढकललेली गाडी असला बाक माफ करत नाही.

दिवे. साध्या डीसीवर काही करायचं नाही. डमी फिरवून लावली तरी डायोड आपोआप बरोबर दिवा लावतात. डीसीसीवर (रुळातून प्रत्येक इंजिनाला डिजिटल हुकूम जातो त्या पद्धतीत) डमीच्या फंक्शन डीकोडरला, म्हणजे दिवे चालवणाऱ्या चिपला, जोडीदाराचाच पत्ता द्या, आणि ती उलट्या तोंडाने असेल तर सीव्ही २९ या डीकोडरमधल्या सेटिंगच्या आकड्यात १ मिळवा. हे करताना प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर डमी एकटीच ठेवा. मोटर नसल्यामुळे कंट्रोलर बऱ्याचदा एरर दाखवतो, तरी आकडा लिहिला गेलेला असतो. दिवा लावून खात्री करा.

चाचणी रिकाम्या डब्यांनीच घ्या, भरलेल्यांनी नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय दिशा बदलू नका, गिअरचे दात जातात. डमी डब्यांना लागून ठेवा, दहा डबे जोडा आणि सगळ्यात वाईट सांध्यातून मागे ढकला. घसरली तर आधी ड्रॉबारचा स्क्रू सैल करून बघा.