पॉइंट टू-टू पिस्तुलासाठी काडतुसांचा लॉट कसा निवडावा

रेंजवर नेम बिघडला की पहिला दोष ग्रिपला, मग ट्रिगरला आणि शेवटी काडतुसांना. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर मीही हेच करत आलोय. काडतुसांचा दोष खरा की आपल्या मनगटाचा, हे मात्र एका सकाळीत तपासता येतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्ण घेतलं, त्या २५ मीटर पिस्तुलापुरतंच, म्हणजे पॉइंट टू-टू (०.२२ इंची) गोळीच्या पिस्तुलापुरतंच हे सांगतोय.

आधी काडतुसातल्या दारूचं थोडं समजून घेऊ. गुऱ्हाळावर चुलवाणात वाळलेलं चिपाड टाकलं की भस्सकन जाळ उठतो. त्याच जागी जाडजूड ओंडका टाकला तर तो बराच वेळ धुमसत राहतो. काडतुसातल्या दारूचंही तसंच. काही दारू झटकन जळते, काही सावकाश. हा फरक मुख्यतः दाण्यांचा आकार, जाडी आणि त्यांच्यावरचा लेप यांमुळे पडतो. लांब नळीच्या रायफलीत सावकाश दारूला जळायला वाव मिळतो. आपल्या पिस्तुलाची नळी नियमानं जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर. गोळी बाहेर पडली तरी दारू जळायची शिल्लक, अशी वेळ आली की नळीच्या तोंडाशी ठिणगी दिसते आणि बाकावर अर्धवट जळलेले बारीक दाणे सापडतात. म्हणून पिस्तुलात बहुतेक वेळा झटकन जळणारी दारू वापरतात, आणि पिस्तुलासाठी वेगळी मॅच काडतुसं, म्हणजे स्पर्धेसाठीची काडतुसं मिळतात.

‘मग आपणच दारू बदलून भरू की,’ असं कुणी म्हणालं तर स्पष्ट सांगतो, नाही. पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, ते एकदा उडालं की पुन्हा भरायचं नसतं. शिवाय आपल्याकडं परवान्याशिवाय काडतुसं बनवणं आर्म्स ॲक्ट, १९५९ प्रमाणं गुन्हा आहे. आपल्या हातात निवड एवढीच गोष्ट आहे.

तर निवड अशी करा. दोन-तीन वेगवेगळ्या लॉटचे (लॉट म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली खेप) एकेक-दोन डबे मिळवा, तुमच्या परवान्यावर किंवा क्लबमार्फत, जसं जमेल तसं. लॉट नंबर डब्यावर छापलेला असतो. काडतुसं डब्यातून काढून एका प्लास्टिकच्या डबीत ओतू नका. मी एकदा ओतली होती, दोन लॉट एकत्र झाले आणि अख्खी सकाळ वाया गेली.

नळी साफ करा, मग पहिल्या लॉटच्या दहा-पंधरा गोळ्या कशाही मारून घ्या. गोळीवरचं मेण किंवा तेल प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि नळीला नव्या लेपाची सवय व्हायला तेवढ्या गोळ्या लागतात. लॉट बदलला की पुन्हा हेच करा. इथं घाई करणारे सगळ्यात जास्त फसतात.

आता दोन्ही हात वाळूच्या पिशवीवर टेकवून बसा. उभं राहून एका हातानं मारलं तर तुम्ही तपासता ते स्वतःला, काडतुसाला नव्हे. एका टार्गेटवर मारलेल्या दहा गोळ्यांच्या भोकांचा एक ग्रुप, असे प्रत्येक लॉटचे पाच. एकच सुंदर ग्रुप पाहून खूश होऊ नका, नशिबानं तसा एखादा पडतोच. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरनं मोजा, त्यातून गोळीचा व्यास म्हणजे ५.६ मिलिमीटर वजा करा. पाच आकड्यांची सरासरी वहीत लिहा. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं, तेव्हा टेकून मारलेला ग्रुप त्यात आरामात बसायला हवा.

वेग मोजायचं यंत्र हवंच, असा काहींचा आग्रह असतो. मला तो नाद पिस्तुलासाठी फुकटचा वाटतो. ही गोळी रायफलच्या लांब नळीतून सेकंदाला साधारण ३२५ मीटर जाते, पिस्तुलाच्या आखूड नळीतून त्याहून कमी. वेगात १० मीटरचा फरक पडला तरी २५ मीटरवर गोळी जेमतेम २-३ मिलिमीटर वर-खाली होते. रायफलवाल्यांचं वेगळं आहे. ५० मीटरवर हाच फरक ७ मिलिमीटरच्या आसपास जातो आणि त्यांचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचंच असतं. स्वप्नील कुसाळेसारख्या रायफल नेमबाजाला काडतुसाची चिकित्सा का करावी लागते, ते यावरून लक्षात येईल.

आपल्याला जास्त महत्त्वाचं आहे ते पिस्तूल न अडकणं. म्हणून ग्रुप चांगला आलेल्या लॉटच्या रॅपिड सिरीज मारून बघा, तीन सेकंदांत एक गोळी, पाचांच्या पाच. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मागं-पुढं सरकणाऱ्या भागात, उभी अडकते का? धक्का प्रत्येक वेळी सारखा लागतो का? काडतूस हलकं पडलं तर स्लाइड पूर्ण मागं येत नाही. ग्रुप दोन-चार मिलिमीटर मोठा पण कधी न अडकणारा लॉट मी डोळे झाकून घेईन. स्पर्धेत अडकलेली गोळी शूटरचा जीव खाते.

चाचणी करताना एखादा आवाज ‘फुस्स’ असा बारीक आला तर तिथंच थांबा, पुढची गोळी अजिबात मारू नका. आधीची गोळी नळीतच असू शकते आणि तिच्यामागून दुसरी सुटली तर नळी फुटते. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, प्रशिक्षकाला बोलवा. ट्रिगर ओढूनही आवाजच आला नाही तर पिस्तूल टार्गेटकडंच रोखून निदान ३० सेकंद थांबा, काडतूस उशिरा पेटू शकतं.

लॉट ठरला की परवान्याच्या मर्यादेत जमतील तेवढे डबे त्याच नंबरचे घ्या. कोल्हापूरचा पाऊस लक्षात ठेवून ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, कुलपात ठेवा. मे महिन्यात गाडीत विसरू नका. आणि न उडालेली काडतुसं खिशात घालून घरी आणू नका, रेंजवरच प्रशिक्षकाच्या हवाली करा.