गिअरबॉक्स परत चढवण्याआधी

नवी क्लच प्लेट बसली की अर्धं काम उरकलं असं वाटतं. जिकिरीचं काम खरं तर तिथून पुढे असतं, उतरवलेला गिअरबॉक्स परत जागेवर चढवायचं. उतरवताना तो आपल्याच वजनाने खाली यायला बघतो, चढवताना तेच वजन आडवं येतं. आमच्या घरी १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची, वडिलांनी घेतलेली. तिचा बॉक्स मी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये दोनदा उतरवून चढवला आहे. पहिल्या वेळी क्लच हाउसिंगचा (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडणारा, क्लच झाकणारा भाग) एक कान, म्हणजे बोल्ट बसतो तो उंचवटा, तुटला. दुसऱ्या वेळी आदल्या संध्याकाळी बसून नीट तयारी केली आणि बॉक्स नुसत्या हाताने बसला. ही यादी त्या दुसऱ्या वेळची आहे. आडवं इंजिन आणि पुढची चाकं ओढणारी कुठलीही जुनी छोटी गाडी असेल, तर थोड्याफार फरकाने हीच चालेल.

आधी जमीन बघा. कॉंक्रीटची, सपाट हवी. पेव्हर ब्लॉक असतील तर घोड्यांखाली (गाडी उचलल्यावर लावायचे लोखंडी स्टँड) जाड फळी टाका. गाडी दोन घोड्यांवरच उभी हवी, जॅक फक्त उचलण्यापुरता. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक घोडीच्या जागी लावायचे नाहीत, ते न सांगता फुटतात आणि खाली आपली छाती असते. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक वर, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटलेली. गाडी पुढून किती उचलायची याचंही माप आधीच घ्या. बॉक्स ट्रॉली जॅकवर ठेवायचा, जॅकसकट त्याची उंची टेपने मोजायची, आणि बंपरखालून तो सरकेल एवढी जागा आहे का ते बघायचं. हे न मोजता मी गाडी ठेवली होती, नंतर सगळं पुन्हा उचलावं लागलं.

काम सकाळी सुरू करा, आणि मदतीला माणूस सांगून ठेवा. तो दिवसभर लागत नाही. बॉक्स आत सरकवायची दहा-पंधरा मिनिटं आणि शेवटी क्लच तपासताना, एवढाच लागतो. पण त्या वेळी तो हजर हवा, फोन करून बोलवायची वेळ येऊ नये.

बोल्टांचा पुठ्ठा ही या यादीतली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. मोठ्या पुठ्ठ्यावर क्लच हाउसिंगचा गोल काढायचा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्या-त्या जागी भोक पाडून खोचून ठेवायचा. सेल्फचे (स्टार्टर मोटरचे) बोल्ट, माउंटिंगचे बोल्ट, तळाच्या पत्र्याच्या झाकणाचे छोटे बोल्ट, सगळे तिथेच. सगळ्यांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो, आपल्याला वाटतं आवळला गेला, आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. उतरवताना पुठ्ठा केला नसेल तर चढवण्याआधी बसून लावा. प्रत्येक बोल्ट भोकात हाताने फिरवून कुठपर्यंत जातो ते बघा, आणि आटे तारेच्या ब्रशने साफ करा.

हत्यारं फार लागत नाहीत. १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरच्या गोट्या (सॉकेट), एक लांब आणि एक आखूड एक्स्टेंशन, तेवढेच रिंग पाने, टॉमी, रबरी किंवा लाकडी हातोडी, हब नटासाठी (चाकाच्या मधल्या नटासाठी) मोठी गोटी आणि टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा. टॉर्क पाना विकत घ्यायचा नसेल तर दोन दिवस कुणाकडून मागून आणा, पण आणाच. आवळायचे आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून भिंतीला चिकटवा. तेलकट हातांनी मोबाइलवर आकडा शोधत बसलं की घाईत चुकीचाच दिसतो.

आता क्लचकडे वळा. बॉक्स एकदा चढला की हे काहीच दिसणार नाही, म्हणून इथे वेळ घालवा. प्लेटची फ्लायव्हीलकडची (इंजिनाच्या टोकाच्या जड चकतीकडची) बाजू बरोबर आहे ना? बहुतेक प्लेटांवर तसं छापलेलं असतं. नसेल तर स्प्रिंगांचा फुगवटा असलेली बाजू साधारणपणे गिअरबॉक्सकडे येते. उलटी बसली तर क्लच सुटत नाही, आणि ते कळतं सगळं जोडून झाल्यावर. फ्लायव्हीलच्या मधोमध इनपुट शाफ्टचं (गिअरबॉक्समधून येणाऱ्या दांड्याचं) टोक ज्यात बसतं ते छोटं बेअरिंग बोटाने फिरवून बघा. खरखरत असेल तर आत्ताच बदला. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) दोन्ही ब्रेक क्लीनरने पुसून घ्या, नव्या प्रेशर प्लेटवर गंजू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. त्यानंतर बोट लावायचं नाही. जुन्या प्लेटची काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्याने टिपून घ्या.

मग प्लेट मधोमध आहे का ते बघायचं. प्लास्टिकची सेंटरिंगची दांडी बहुतेक स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळते. न मिळाल्यास लाकडी दांडीला टेप गुंडाळून दोन जाडींची करता येते, एक बेअरिंगच्या मापाची, दुसरी प्लेटच्या भोकाच्या. दांडी घालूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळा, समोरासमोरचे, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा. शेवटचा टॉर्क साधारण २० ते २५ न्यूटन-मीटरच्या घरात असतो, मॅन्युअल सांगेल तो खरा. आवळून झाल्यावर दांडी सहज बाहेर यायला हवी. ओढून काढावी लागली तर बोल्ट सैल करून पुन्हा मध्य साधायचा.

इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावा, पण लावून लगेच पुसा. खाचांवर नुसती चमक उरली पाहिजे. जास्त झालेलं ग्रीस इंजिन फिरताना उडून थेट प्लेटच्या नव्या लायनिंगवर (घासणाऱ्या थरावर) जातं. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) नवं असेल तर त्याला डिझेल-पेट्रोलने धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. फोर्क (हे बेअरिंग ढकलणारा काटा) जिथे टेकतो तिथे मात्र बोटभर ग्रीस हवं. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलजवळ आणि इनपुट शाफ्टच्या सीलजवळ ओलं दिसलं तर हात तिथेच थांबवा. शे-दोनशे रुपयांच्या सीलसाठी पुन्हा बॉक्स उतरवायला लागू नये. ड्राइव्ह शाफ्टची (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांची) दोन्ही सीलं आणि टोकाच्या सर्कलिप (शाफ्ट अडकवून धरणाऱ्या कड्या) नव्या आणून ठेवा.

आता चुंबळ. डोक्यावर हंडा घ्यायला करतात तशीच, जुन्या सुती ओढणीची घट्ट चुंबळ करून ती ट्रॉली जॅकच्या वाटीत बसवा. बॉक्सचा तळ सपाट नसतो, नुसत्या लोखंडी वाटीवर तो डुगडुगतो. चुंबळीत तो मांडीवर घेतल्यासारखा बसतो आणि हाताने हवा तसा वळवता येतो. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबने जॅकला बांधून घ्या. इंजिनालाही आधार हवा. संपखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक लावा. हा जॅक वर-खाली करूनच इंजिन आणि बॉक्सचा कोन जुळवायचा आहे.

आणखी दोन दांड्या करून ठेवा. क्लच हाउसिंगच्या बोल्टांच्याच आट्याचे दोन लांब बोल्ट घ्या, त्यांची डोकी करवतीने कापा आणि टोकाला पेचकस बसेल अशी खाच पाडा. इंजिनाच्या बाजूच्या समोरासमोरच्या दोन भोकांत त्या हाताने फिरवून ठेवल्या की बॉक्स त्यांच्यावर रुळावर आल्यासारखा सरकतो. त्याचं वजन क्लच प्लेटवर लटकत नाही. वजन लटकलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो, आणि गाडी सुरू झाल्यावर नवीन क्लचही थरथरतो. लोक मग प्लेटला दोष देतात.

हाउसिंगच्या कडेला दोन पोकळ डॉवेल पिना असतात, इंजिनातल्या भोकांत त्या बसल्या की जोड पक्का. त्या आहेत ना, वाकलेल्या नाहीत ना, ते बघा. पहिल्या वेळी माझी एक पिन गंजून इंजिनाच्या बाजूलाच अडकून राहिली होती आणि मला ते दिसलं नाही. बॉक्स साधारण बोटभर अंतरावर येऊन थांबला. मी दोन बोल्ट लावले आणि वाटलं, आवळत गेलो की येईल आत. पाना जड झाला, मी आणखी जोर लावला, आणि ‘कट्’ असा एकच आवाज आला. ॲल्युमिनियमचा कान मुळापासून गेला होता. वेल्डिंग करून घेतलं, पण तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून हे तिथेच भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवा: बॉक्स हाताने बसला पाहिजे, बोल्टने ओढायचा नाही. शेवटच्या बोटभर अंतरात अडला तर चार कारणं असतात. शाफ्टच्या खाचा प्लेटच्या खाचांशी जुळल्या नसतील, इंजिन आणि बॉक्स एका रेषेत नसतील, पिन आडवी येत असेल, किंवा मध्ये एखादी वायर अडकली असेल. खाचा जुळवायला बॉक्स गिअरमध्ये टाका, तिन्ही स्पार्क प्लग काढून क्रँक पुलीच्या नटावर पाना लावा आणि मदतीच्या माणसाला इंजिन अगदी हळू फिरवायला सांगा. तुम्ही बॉक्स दोन्ही हातांनी किंचित डोलवत पुढे ठेवा. हाउसिंगभोवतीची फट बोटाने चाचपा. वर जास्त आणि खाली कमी असेल तर इंजिनाखालचा जॅक जराशा फरकाने हलवा. खाचा जुळल्या की बॉक्स आपोआप एक झोका घेऊन आत जातो, आणि दोन धातू टेकल्याचा ‘टप्प’ असा बारीक आवाज येतो. त्यानंतरच बोल्ट लावायचे, आधी सगळे हाताने, मग आलटून-पालटून.

पुढचं सगळं पुठ्ठ्याप्रमाणे जातं. सेल्फ, तळाचं झाकण, माउंटिंग, रिव्हर्स लाइटची वायर, अर्थिंगची पट्टी (ही हमखास राहते), स्पीडोमीटरची केबल, गिअरच्या दांड्या, क्लच केबल. ड्राइव्ह शाफ्टच्या सीलच्या ओठांना गिअर ऑइल चोळा, शाफ्ट सरळ धरून सर्कलिप बसल्याचा टिचकीसारखा झटका जाणवेपर्यंत ढकला, आणि परत हलकेच ओढून बघा. निघत नाही ना?

क्लच केबल नव्याने लावायलाच हवी. जुनी प्लेट झिजत गेली तसा केबलमधला सैलपणा कमी होत गेलेला असतो आणि आपण वेळोवेळी नट सोडवत आलेलो असतो. नवी प्लेट बसल्यावर त्याच नटावर केबल फार ढिली राहते, क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरतात. पेडलला मोकळी चाल किती हवी ते मॅन्युअलमध्ये असतं.

चाकं लावण्याआधी, गाडी घोड्यांवर असतानाच क्लच हाताने तपासा. बॉक्स गिअरमध्ये टाका आणि सीट व पेडलच्या मध्ये लाकूड अडकवून पेडल दाबलेला ठेवा. मदतीचा माणूस एका बाजूचा हब घट्ट धरून ठेवेल, तुम्ही दुसरा फिरवा. धरला नाही तर डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) तो उलटा फिरतो आणि काहीच कळत नाही. पेडल दाबलेला असताना हब मोकळा फिरायला हवा, सोडल्यावर इंजिनाचा अडथळा लागायला हवा.

तेल गाडी खाली उतरवून सपाटीवर आल्यावर भरा, लेव्हल प्लगच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) म्हटलं असेल तर तेच घ्या. जीएल-५ मधली काही रसायनं सिन्क्रोच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना खातात. जुनं तेल डब्यात भरून गॅरेजला द्या, गटारात ओतू नका.

मग इंजिन सुरू करा, पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. या गाडीत रिव्हर्सला सिन्क्रो नाही, त्यामुळे क्लच सुटत नसेल तर तो लगेच करकरून सांगतो. गप्प गेला तर वस्तीतल्या वस्तीत पाच-सात किलोमीटर फिरवून आणा. पहिले तीन-चारशे किलोमीटर चढावर अर्धा क्लच धरून उभं राहणं टाळा. परत आल्यावर गाडीखाली वर्तमानपत्राचे दोन कागद पसरा, एक हाउसिंगच्या सांध्याखाली आणि एक ड्राइव्ह शाफ्टच्या सीलांखाली, आणि त्यावर पेनाने पुढची चाकं कुठे येतात त्या खुणा करा. सकाळी थेंब पडलेला दिसला तर खुणांवरून सील कुठलं ते कळतं. आमचे कागद त्या दुसऱ्या वेळी सकाळी कोरडे होते. वडिलांनी ते उचलले, घडी करून डिकीत ठेवले आणि किल्ली मागितली.